वाढते घर : इंदूरची ‘अरण्य’ वसाहत आणि अल्प उत्पन्न कुटुंबांच्या निवाऱ्याचा प्रश्न

शहरातील गरिबांच्या घरांचा विषय निघाला की चर्चा आकड्यांपाशी सुरू होते आणि बहुधा आकड्यांपाशीच संपते. किती घरे हवीत, किती मंजूर झाली, किती बांधून झाली, एवढेच विचारले जाते. ते घर कसे असावे, त्यात राहणाऱ्या कुटुंबाचा दिवस कसा जातो, दहा वर्षांनी कुटुंब वाढल्यावर त्या घराचे काय होते, हे प्रश्न मागे राहतात. लहान घर म्हणजे मोठ्या घराची छोटी प्रत, अशी एक समजूत रूढ आहे. मोठ्या घरातील चार खोल्यांच्या दोन केल्या, दोनची एक केली, की ‘परवडणारे घर’ तयार झाले असे मानले जाते. ही समजूत चुकीची आहे, हे ज्या वसाहतीने दाखवून दिले तिचे नाव ‘अरण्य’. ही वसाहत इंदूर शहरात आहे. तिची रचना, तिच्यामागील विचार, तिच्यातील उणिवा आणि आजच्या संदर्भात तिचे महत्त्व यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तयार घराची अडचण

स्वातंत्र्योत्तर काळात गृहनिर्माण मंडळांनी आणि विकास प्राधिकरणांनी गरिबांसाठी प्रामुख्याने तयार घरे बांधली. या पद्धतीत तीन अडचणी वारंवार आल्या. पहिली अडचण पैशाची. पूर्ण घराचा खर्च पहिल्याच दिवशी उभा राहतो आणि ज्याची कमाई रोजची आहे त्याच्यावर त्याचा भार एकदम पडतो. दुसरी अडचण वेळेची. घर पूर्ण होईपर्यंत कुटुंब झोपडीतच राहते, आणि जेवढ्या पैशात दहा कुटुंबांची सुरुवात करून देता आली असती तेवढ्यात दोन-तीनच घरे बांधून होतात. तिसरी अडचण सर्वांत मोठी असूनही तिची चर्चा कमी होते. तयार घर जन्मतःच पूर्ण असते, म्हणून ते वाढू शकत नाही. मुलाचे लग्न झाले, गावाकडून आई-वडील आले, शिवणकामाला जागा हवी झाली, की कुटुंबापुढे दोनच मार्ग राहतात. एक तर दाटीत राहायचे, नाहीतर घर विकून पुन्हा झोपडीकडे वळायचे.

या अडचणींवर उपाय म्हणून ‘सेवायुक्त भूखंड’ ही कल्पना पुढे आली. शासनाने घर बांधून देण्याऐवजी मालकी हक्काची जमीन, रस्ता, पाणी, सांडपाण्याची वाट आणि वीज द्यावी, घर कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावे, असे या कल्पनेचे सूत्र आहे. मुंबईत चारकोप आणि गोराई येथे १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने अशा वसाहती वसल्या. मात्र अनेक ठिकाणी या योजनेचा अर्थ ‘पट्टीने आखलेले चौकोन’ एवढाच घेतला गेला. सरळ रस्ते, सारखे भूखंड, मधे एक मोकळे मैदान, असा नकाशा तयार होई आणि माणसे त्यात नंतर बसवली जात. इंदूरचे वेगळेपण असे की तेथे नकाशाच्या आधी माणसांचा अभ्यास झाला.

झोपडपट्टी : अभ्यासाचा विषय

इंदूर विकास प्राधिकरणाने १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ६०,००० लोकांसाठी नवी वसाहत उभारण्याचे ठरवले. शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर, आग्रा-मुंबई महामार्गालगत ८५ हेक्टर जमीन त्यासाठी उपलब्ध झाली. आराखड्याचे काम अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे आले. ही संस्था वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९७८ मध्ये स्थापन केली होती.

दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात झाला. त्यांचे कुटुंब लाकडी सामानाच्या व्यवसायातील. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात झाले आणि पुढे पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. पेठांमधील गजबज आणि माणसांप्रमाणे वाढत जाणारी एकत्र कुटुंबाची घरे हे त्यांच्या बालपणीचे जग होते. युरोपातील आधुनिक वास्तुकला शिकूनही हे जग त्यांनी टाकून दिले नाही, आणि त्याचा प्रत्यय अरण्यमध्ये येतो.

त्याच सुमारास कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे अभ्यासक विक्रम भट्ट आणि विटोल्ड रिबचिन्स्की, तसेच वास्तुशिल्प फाउंडेशन यांनी इंदूरच्या झोपडपट्ट्यांची पाहणी केली. झोपडपट्टी म्हणजे केवळ घाण आणि अव्यवस्था असे न मानता, लोक स्वतः घर बांधताना जागा कशी वापरतात हे त्यांनी मोजून व रेखाटून पाहिले. या पाहणीतून दिसलेल्या गोष्टी रोजच्या पाहण्यातल्या आहेत, तरी नगररचनाकारांच्या कागदावर त्या क्वचितच उमटत.

गरिबाचे घर चार भिंतींच्या आत संपत नाही. स्वयंपाक, भांडी, कपडे, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचे बसणे, उन्हाळ्यातील झोप, यांतले बरेचसे दारापुढच्या हात-दोन हात जागेत होते. घर हे कामाचे ठिकाणही असते. कोणी दारात छोटे दुकान मांडतो, कोणी घरात शिलाई मशीन चालवतो, कोणी हातगाडी रात्री घराशेजारीच उभी करतो. अरुंद गल्ली ही गैरसोयच असते असे नाही. तेथे सावली मिळते, मोटारी येत नाहीत, आणि लहान मुलांवर चार घरांची नजर राहते. एखादे झाड, एखादा सार्वजनिक नळ किंवा एखादे प्रार्थनास्थळ यांच्याभोवती आपोआप चौक तयार होतो. तेव्हा झोपडीत जागेची अक्कल आहे; अभाव आहे तो पाणी, शौचालय, निचरा आणि मालकीचा कागद यांचा, असा या निरीक्षणांचा अर्थ निघतो. गरिबांच्या घराची सारी चर्चा या एका वाक्यापासून सुरू व्हायला हवी.

अरण्यची मांडणी

१९८३ मध्ये तयार झालेल्या आराखड्यात वसाहतीच्या मधोमध बाजारपेठेचा एक लांब कणा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना सहा विभाग असून प्रत्येकाची लोकसंख्या ७,००० ते १२,००० धरलेली होती. विभागांमधून तिरक्या जाणाऱ्या हिरव्या पट्ट्या आहेत. त्यांतून पायी चालत बाजारापर्यंत पोहोचता यावे, अशी ही योजना.

एकूण सुमारे ६,५०० भूखंडांपैकी ६५ टक्क्यांच्या आसपास भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी होते. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ३७५ चौरस फुटांचा, आणि मोठे भूखंड पावणेपाचशे चौरस मीटरपर्यंतचे. मोठे भूखंड विभागांच्या कडेला आणि कण्यालगत ठेवले, तर गरिबांचे भूखंड प्रत्येक विभागाच्या पोटात. मोठे भूखंड अधिक दराने विकून मिळालेला पैसा लहान भूखंडांची किंमत खाली आणण्यासाठी वापरायचा, हा यातील आर्थिक हिशेब. सामाजिक हिशेब असा की गरिबांची वस्ती शहराबाहेर एकीकडे आणि इतरांची दुसरीकडे, अशी फाळणी होऊ नये. एकाच वसाहतीत शिपाई, कारागीर, कारकून आणि व्यापारी यांची मुले एकाच रस्त्याने शाळेत जावीत, हा विचार त्यामागे होता.

घराचे बी

सर्वांत गरीब कुटुंबाला अरण्यमध्ये भूखंडाबरोबर काय मिळाले? पक्के जोते, शौचकूप व नहाणी यांचा एक लहान गाभा, आणि एक खोली. त्यापुढचे घर कुटुंबाचे. सुरुवातीची रक्कम कुटुंबाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरवली आणि बाकी कर्जाची फेड मासिक हप्त्यांनी ठेवली. वीट, दगड, सिमेंट इंदूरच्या परिसरात मिळतच होते, पण कोणते साहित्य वापरावे याचे बंधन मालकावर नव्हते.

हा गाभाच का दिला, हे समजून घेणे आवश्यक आहे. भिंत आणि छप्पर कुटुंब स्वतः उभारू शकते. आज पत्रा, उद्या कौल, परवा स्लॅब असे टप्पे घेता येतात. गटार मात्र टप्प्याटप्प्याने आणि एकेकट्याने घालता येत नाही. जमिनीखालचे नळ, चढ-उताराचा हिशेब, मैला वाहून नेण्याची सोय ही सामूहिक कामे आहेत आणि ती आधीच व्हावी लागतात. म्हणून शासनाचा पैसा जमिनीखाली आणि कुटुंबाचा पैसा जमिनीवर, अशी विभागणी येथे झाली. दर वीस घरांच्या गटासाठी एक सेप्टिक टँक ठेवला. घरे एकमेकांना लागून ओळीत असली आणि शेजाऱ्यांचे शौचकूप जवळजवळ आले, तर नळ कमी लागतात, खोदाई कमी होते आणि तुंबलेली वाट मोकळी करणेही सोपे जाते. परवडणाऱ्या घराची बरीचशी बचत अशा न दिसणाऱ्या जागी असते.

लोकांना कल्पना यावी म्हणून दोशी यांनी ८० नमुना घरे बांधून घेतली. एका खोलीच्या निवाऱ्यापासून ऐसपैस घरापर्यंत त्यांत अनेक प्रकार होते. ‘असेच बांधा’ हा त्यांचा संदेश नव्हता. ‘असेही बांधता येते’ हा होता. आज मागे एक खोली, उद्या पुढे दुसरी, नंतर बाहेरच्या बाजूने जिना आणि वर माडी, असे घर वाढते. बाहेरून जिना असल्यामुळे वरची खोली लग्न झालेल्या मुलाला देता येते किंवा भाड्याने देऊन चार पैसे मिळवता येतात. पोर उंच होते तसे घर उंच होते.

ओटा, गल्ली आणि सहन

अरण्यच्या रचनेचा गाभा घराच्या आत शोधण्यापेक्षा दोन घरांच्या मधल्या जागेत शोधावा. दहा घरांचा एक पुंजका, प्रत्येकाच्या मागे लहान अंगण, आणि पुढची बाजू फरसबंद गल्लीवर उघडणारी. घर आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या मीटरचा पट्टा सोडलेला असून त्यात ओटा, पायऱ्या, लहान सज्जा काढण्याची मुभा दिली. इतर वसाहतींत जे ‘अतिक्रमण’ ठरते तेच येथे नियमात बसवले.

मराठीत ओटा, माळव्यात व गुजरातेत ओटला, उर्दूत चबूतरा. शब्द वेगळे, वस्तू एकच. ओटा ना पूर्ण घराचा, ना पूर्ण रस्त्याचा. परका माणूस उंबरठ्याच्या आत न येता तेथे बसू शकतो. मागचे अंगण, ज्याला उर्दूत ‘सहन’ म्हणतात, ते याच्या उलट आहे. तेथे घरातील स्त्रिया मोकळेपणाने वावरतात, वाळवण घालतात, विडी वळणे किंवा जरीकाम अशी कामे उजेडात बसून करतात. जुन्या मुस्लिम शहरांतील घरांत आणि मराठी वाड्यांत ही दुहेरी व्यवस्था होतीच. रस्त्याकडे बोलकी आणि आत झाकलेली, अशी ती घरे. ३५ चौरस मीटरच्या भूखंडावरही ही व्यवस्था साधते, हे अरण्यने दाखवले. त्यामुळे पडदा, मोकळी हवा आणि शेजार या तिन्ही गोष्टी श्रीमंतांचीच मिरास आहेत असे म्हणता येत नाही.

उष्णतेचा विचारही यात आहे. घरांच्या बाजूच्या भिंती सामाईक असल्यामुळे ऊन लागणारे पृष्ठभाग कमी होतात. अरुंद गल्लीत समोरच्या घराची सावली पडते. अंगणातून वर जाणारी गरम हवा खोलीत वारा खेळता ठेवते. पंख्याचे बिल मोजून भरणाऱ्या कुटुंबाला ही सोय फुकट मिळते.

एक पुरस्कार, दोन हैदराबाद-इंदूर वाटा

मुस्लिम समाजांच्या जीवनाशी संबंध असलेल्या वास्तुरचनेला दर तीन वर्षांनी दिला जाणारा आगाखान पुरस्कार १९७७ मध्ये सुरू झाला. १९९५ च्या फेरीत अरण्यला हा पुरस्कार मिळाला. गरीब ते मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना एकत्र वसवण्याच्या प्रयत्नाची परीक्षकांनी विशेष दखल घेतली. त्याच फेरीत आणखी एका वसाहतीचा गौरव झाला. ती म्हणजे सिंधमधील हैदराबादची ‘खुदा की बस्ती’. शौकत सिद्दीकी यांच्या १९५७ च्या प्रसिद्ध उर्दू कादंबरीचेही नाव हेच आहे, हे उर्दूच्या वाचकांना आठवेल. दख्खनच्या हैदराबादशी मात्र या वसाहतीचा संबंध नाही.

१९८६ मध्ये तस्नीम अहमद सिद्दीकी हे तेथील विकास प्राधिकरणाचे काम पाहत असताना ही योजना सुरू झाली. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. गरिबांसाठी काढलेले भूखंड गरिबांकडे राहत का नाहीत? उत्तर असे निघाले की अर्ज, सोडत, ताबा या लांब वाटेवर दलाल टिकतो, गरीब टिकत नाही. मग त्यांनी ही वाटच बदलली. ज्याला घराची खरी गरज आहे त्याने बायकामुले आणि सामानासह थेट जागेवर यावे, तेथील स्वागत छावणीत काही दिवस राहावे, मग त्याला ८० चौरस यार्डांचा भूखंड मिळेल. तेथे ताबडतोब राहायला लागले पाहिजे, झोपडी का असेना. भूखंड रिकामा ठेवला तर वाटप रद्द. सुरुवातीला सोयी अगदी थोड्या, पाण्यासारख्या निकडीच्या. गटार, नळजोड वगैरे गोष्टी रहिवाशांच्या हप्त्यांतून गल्लीगल्लीने नंतर. घर कसे बांधावे यावर बंधन नाही. ज्याला दुसरीकडे घर आहे तो अशा माळावर येऊन राहणार नाही, म्हणून गरजू आपोआप निवडला जातो, हे या पद्धतीचे मर्म. सिद्दीकी यांना १९९९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘सायबान’ या संस्थेमार्फत पुढे कराचीतही हे काम चालले.

या दोन वसाहती शेजारी ठेवून पाहिल्या तर बरेच काही शिकता येते. अरण्यने ‘जागा कशी असावी’ याचे उत्तर दिले. खुदा की बस्तीने ‘जागा कोणाला मिळावी’ याचे.

उणिवा

अरण्यची कीर्ती मोठी आहे. दोशी यांना २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला तेव्हाही या वसाहतीचा आवर्जून उल्लेख झाला. २०२३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, त्या वेळीही तिची आठवण निघाली. परंतु कीर्तीमुळे उणिवा झाकल्या जाऊ नयेत. गरिबांसाठी राखलेले अनेक भूखंड काळाच्या ओघात चांगल्या स्थितीतील कुटुंबांच्या हाती गेले. काही ठिकाणी शेजारचे भूखंड एकत्र करून मोठी घरे झाली. नमुना घरांपैकी बरीच ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. आरंभी वसाहत शहरापासून दूर होती, काम मिळवण्यासाठी रोजचा प्रवास पडत होता. पुढे शहर तिच्यापर्यंत आणि तिच्याही पलीकडे वाढले, जमिनीचे भाव चढले. मग गरिबाच्या हाती एक महाग वस्तू आली आणि ती विकण्याचा मोह व दबाव दोन्ही वाढले.

यावरून अरण्य फसली असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. घर वाढवणे आणि बदलणे हाच तिचा हेतू होता, म्हणून बदल हा दोष नव्हे. दोष आहे तो एवढाच की पहिल्या मालकाचा पाय तेथे रोवला जाईपर्यंत त्याला सांभाळणारी व्यवस्था पुरेशी नव्हती. उत्तम रचना दलालाला आपोआप दूर ठेवत नाही.

आजचा संदर्भ

आज शहरांतील जमीन इतकी महाग आहे की ८५ हेक्टरवर बैठी घरे वसवणे बहुतेक ठिकाणी अवघड झाले आहे. कल बहुमजली इमारतींकडे आहे. इंदूरमध्येच ‘लाइटहाऊस’ प्रकल्पाखाली १,०२४ घरांच्या, स्टिल्ट अधिक आठ मजल्यांच्या वसाहतीची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी झाली. कारखान्यात तयार होणारे पॅनेल आणि पोलादी सांगाडा वापरून बांधकाम लवकर उरकणे हा तिचा विशेष. वेग आणि मजबुतीच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. तरीही जुना प्रश्न उरतोच. आठव्या मजल्यावरील घराला ओटा नाही, हातगाडीला जागा नाही, दारात दुकान नाही, आणि माडी चढवण्याचा मार्ग नाही. लिफ्टचा व देखभालीचा खर्च मात्र दरमहा आहे. ज्या घरातील स्त्री घरबसल्या कमावते, तिच्या दृष्टीने असे घर बदलणे म्हणजे कमाईचे गिऱ्हाईक गमावणेही असू शकते.

म्हणून उंच इमारत अटळ असेल तेथेही अरण्यचे काही धडे घेता येतील. अंधाऱ्या अरुंद मार्गिकेऐवजी रुंद, उजेडाची सामाईक गॅलरी ठेवावी, म्हणजे ओटा वर नेता येईल. तळमजला वाहनांनाच न देता त्यात छोटी दुकाने, कामाच्या खोल्या आणि मुलांसाठी अभ्यासिका ठेवाव्यात. एका खोलीत सहा माणसे असताना दहावीचा अभ्यास कोठे करायचा, हाही निवाऱ्याचाच प्रश्न आहे. जेथे तीन-चार मजल्यांत काम भागते तेथे उंची वाढवू नये.

जुन्या मोहल्ल्यांच्या बाबतीत तर ‘वाढते घर’ हाच मार्ग अधिक योग्य ठरतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या किंवा असलेल्या घरात किमान ९ चौरस मीटरची भर घालणाऱ्या दुर्बल कुटुंबाला अनुदानाची तरतूद होती. म्हणजे अरण्यचे तत्त्व धोरणात शिरलेले होते. परंतु त्यासाठी जागेचा कागद लागतो, आणि दाट वस्तीतील कुटुंबे नेमकी तेथे अडतात. आजोबांच्या नावावरील उतारा, न झालेली वारसनोंद, तोंडी झालेल्या वाटण्या, नाव एक आणि आधार कार्डावरील स्पेलिंग दुसरे, अशा कारणांनी हक्काचे अनुदान हातचे जाते. कागद नीट करून देणे, वारसनोंदीत मुलींचा व विधवांचा वाटा लिहिला जाईल हे पाहणे, अर्ज भरण्यास मदत करणे, ही कामे शैक्षणिक संस्थांना आपल्या आवाक्यातील वाटावीत अशीच आहेत. त्यांना सिमेंट लागत नाही, साक्षरता लागते.

समारोप

अरण्य आणि खुदा की बस्ती यांच्या अभ्यासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, गरिबाला अपुरे पण निरोगी सुरुवात असलेले घर, पूर्ण पण न वाढणाऱ्या घरापेक्षा अधिक उपयोगी पडते. मात्र ही सुरुवात पाणी, निचरा आणि शौचालय यांपासूनच व्हावी. दोन, लहान घराचे मोठेपण त्याच्या बाहेरच्या जागेत असते. ओटा, गल्ली, अंगण ही चैन नसून घराच्याच खोल्या आहेत. तीन, वाटपाची पद्धत ही रचनेइतकीच महत्त्वाची आहे. ती चुकली तर उत्तम वसाहतही गरिबाच्या हातून निसटते.

गर्दीच्या शहरांत जागा कमी पडणारच. ती किती चौरस फूट द्यायची, हा हिशेब आवश्यक आहे. त्या फुटांमध्ये कुटुंबाला पुढची वीट स्वतः ठेवता येईल का, हा प्रश्न त्याच हिशेबाच्या पहिल्या ओळीत लिहिला गेला पाहिजे.